दळण त्याला आणू दे

प्रश्न : माझा मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे. डाउन सिंड्रोम. संगमनेरला विशेष शाळेत जातो. स्वभावानं गोड, सगळ्यांचा लाडका. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मी घरीच असते. शाळेनं सांगितलंय की अठरा पूर्ण झाल्यावर इथं ठेवता येणार नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. अंघोळ मी घालते, बुटाची नाडी मी बांधते, घाईत घासही मीच भरवते. शाळेची गाडी सात-दहाला येते, त्याच्यावर सोडलं तर आठ वाजतील. हल्ली पाहुण्यांसमोर त्याचा हात नको तिथे जातो, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सासूबाई म्हणतात, गरिबाघरची मुलगी बघून लग्न लावून द्या, ती सांभाळेल. मिस्टर म्हणतात, धाकटी आहे ना! धाकटी तेरा वर्षांची आहे. आमच्यानंतर त्याचं काय होणार? — एक आई

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या प्रश्नाखाली तुम्ही दोन रेघा ओढल्यात, पण माझी नजर अडकली ती सात-दहाच्या गाडीवर.

शाळा संपल्यावर अशी मोठी मुलं जिथे काम शिकतात आणि करतात, त्या कार्यशाळेत मी बरीच वर्षं काढली. तिथे एकतीस वर्षांचा एक मुलगा होता. आई अचानक गेली, मावशी त्याला घेऊन गेली. चौथ्या दिवशी मावशीचा फोन, 'अहो, हा अन्नाला शिवत नाहीये, दुःखानं वेडा झालाय बहुतेक.' मी गेले. पुढ्यात वाढलेलं ताट, आमटीवर साय धरलेली, आणि हा मांडीवर हात ठेवून बसलेला. मी सहज म्हटलं, 'अरे जेव ना.' त्यानं लगेच पोळीचा तुकडा मोडला. एकतीस वर्षं आई ताट वाढून 'जेव' म्हणायची आणि मग तो जेवायचा. मावशी वाढून स्वयंपाकघरात जायची, 'जेव' म्हणायचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तो दुःखात होताच, पण भुकेलाही होता. त्या माऊलीनं मुलासाठी पैसा ठेवला होता, फ्लॅट ठेवला होता. एक शब्द तेवढा तिच्याबरोबर गेला.

तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. 'आमच्यानंतर' या शब्दानं आपण फार लांब बघायला लागतो. संस्था, पैसा, लग्न, बहीण. आणि रोज सकाळी साडेसहाला जे हातातून निसटतं ते दिसत नाही. तुमच्या लेकाला काही येत नाही असं मला पत्रातून वाटलं नाही. त्याचा हात पोहोचायच्या आधी तुमचा पोहोचतो, एवढंच दिसलं.

नाडीपासूनच सुरू करू. खरं सांगायचं तर नाडीचे बूट हवेतच कशाला? डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची बोटं आखूड असतात, स्नायूंत ताण कमी असतो. नाडीची गाठ त्यांना आपल्यापेक्षा खरोखर अवघड जाते. चिकटपट्टीचे, वेलक्रोचे बूट घ्या आणि हा विषय संपवा. शाळेचा गणवेश आड येत असेल तर मुख्याध्यापकांशी बोला. विशेष शाळेला हे पटवावं लागू नये, पण लागतं कधीकधी. जे टाळता येतं ते टाळायचं आणि वाचलेली ताकद जे टळत नाही त्यावर लावायची.

अंघोळ टळत नाही. ती शिकवायची उलट्या बाजूनं. सगळी अंघोळ आज घालता तशीच घाला, फक्त शेवटी अंग पुसायचं काम त्याचं. तुम्ही टॉवेल हातात द्यायचा आणि न्हाणीबाहेर जायचं. बाहेर म्हणजे बाहेर, दारात उभं राहून 'पाठ राहिली, पाठ राहिली' करायचं नाही. पाठ ओली राहील, शर्ट चिकटेल, चालतं. ते बसलं की शेवटचे दोन तांबे त्याचे. मग साबण धुणं, मग साबण लावणं, असं मागे मागे सरकायचं. दरवेळी काम पूर्ण होतं ते त्याच्या हातून, त्यामुळे 'झालं' हा आनंद त्याला पहिल्या दिवसापासून मिळतो. सुरुवातीपासून शिकवायला गेलं की पहिल्याच पायरीवर अडतं, वैतागून आई तांब्या हिसकावते आणि दोघांचा दिवस वाया जातो. हे शाळेच्या दिवशी सकाळी करू नका. अंघोळ संध्याकाळी घाला, नाहीतर रविवारी सुरू करा. सात-दहाच्या गाडीशी भांडण मांडून कोणीच काही शिकत नाही.

पाणी मात्र तुम्ही तपासलेलंच असू द्या. बादलीत आधी गार, मग गरम, हा क्रम पक्का होईपर्यंत गीझरचा नळ त्याच्या हाती नको.

आता घराबाहेर. तुमच्याकडे दळणाला कोण जातं? तुम्हीच जात असाल. यापुढे तो जाईल. गिरणीचं काम मला फार आवडतं, कारण त्यात सगळं आहे. ओझं आहे, रस्ता आहे, अनोळखी माणूस आहे, थांबणं आहे, पैसे आहेत आणि शेवटी हाताला गरम लागणारं पीठ आहे. पहिले चार-पाच वेळा दोघं जा, डबा त्याच्या हातात. गिरणीवाला त्याच्याकडे न बघता तुम्हाला विचारेल, 'काय, बारीक का?' सगळे असंच करतात, डॉक्टरसुद्धा. तुम्ही तोंड उघडायचं नाही. लेकाकडे बघायचं आणि थांबायचं. दहा सेकंद फार मोठी वाटतात, मनात मोजा. तो 'गहू. बालीक' म्हणेल. त्यानंतर गिरणीवाला त्याच्याशी बोलायला शिकेल. त्याचंही शिक्षण व्हायचंच आहे की. पुढच्या खेपेला तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहा, त्याच्या पुढच्या खेपेला कोपऱ्यावर.

पैशासाठी बेरीज-वजाबाकी यायलाच हवी असं नाही. आम्ही कार्यशाळेत 'पुढची नोट' शिकवायचो. दुकानदार म्हणाला चौतीस, तर दहा-दहाच्या चार. तीन दहा आणि वर एक. मोड मोजता येत नसली तरी हात पुढे करून 'सुटे?' म्हणायला शिकवायचं. कधीतरी कोणी फसवेल. पाच-दहा रुपये जातील. जाऊ द्या, तुम्हालाही भाजीवाल्यानं कधीतरी फसवलंच असेल.

थायरॉईडची गोळी असेल तर ती आजपासून त्याची. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास बराच दिसतो, त्यामुळे रक्ताची तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी, आणि कानांचीही. 'हल्ली ऐकतच नाही, हट्टी झालाय' असं ज्यांच्याबद्दल घरचे सांगतात त्यांतल्या काहींना खरंच ऐकू येत नसतं. आणि आतापर्यंत बालरोगतज्ज्ञांकडे नेत असाल, तर मोठ्यांचे डॉक्टर आताच गाठा. लहानपणचे हृदयाचे रिपोर्ट, शस्त्रक्रियेचे कागद असतील ते एका फाइलमध्ये लावून ती फाइल त्यांना एकदा दाखवून ठेवा. आजारपणात नवा डॉक्टर शोधू नये.

पाहुण्यांसमोरच्या गोष्टीबद्दल तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. बहुतेक आया हे विचारतच नाहीत. ताई, त्याचं शरीर साडेसोळा वर्षांचं आहे आणि ते वेळेवर वाढलंय. त्यात घाण काही नाही. चुकतेय ती जागा. रागावलात, हातावर चापट मारलीत तर तो चोरून करायला शिकेल, किंवा तुमची धांदल बघायला मुद्दाम करेल. साध्या आवाजात, प्रत्येक वेळी तेच वाक्य : 'हे बाहेर नाही. आपल्या खोलीत, दार लावून.' आणि खोलीत सोडून यायचं. तुमच्या घरी त्याला वेगळी खोली नसेल, तर न्हाणी. पण दार लावलेलं असताना घरात कोणीही ते ढकलून आत यायचं नाही, आजीनंसुद्धा. ज्याच्या दारावर कोणी टकटक करत नाही त्याला खासगी म्हणजे काय हे कळणार कसं? हे मिस्टरांनी बोलावं हे उत्तम. बाप या बाबतीत फार लवकर कामाला निघून जातात असा माझा अनुभव आहे.

याच्याच जोडीला मिठ्या बंद. लाडका आहे म्हणता, म्हणजे येईल त्याच्या गळ्यात पडत असणार आणि लोकही गाल ओढत असणार. सहा वर्षांच्या मुलाची मिठी गोड वाटते. सव्वीस वर्षांच्या पुरुषानं बसमध्ये अनोळखी बाईला मारलेली मिठी पोलीस चौकीत संपते. आपल्याकडे नमस्कार आहे तो वापरा. घरचे चार जण सोडून बाकी सगळ्यांना दोन हात जोडून नमस्कार. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, त्यांचे पसरलेले हात हीच मोठी अडचण असते. आणि उलट बाजूही शिकवा. कोणी कपड्यात हात घातला, 'आईला सांगू नको' म्हणालं, तर ओरडायचं आणि आईलाच सांगायचं. अशा मुलांवर अत्याचार होतात, आणि बहुतेकदा ओळखीच्यांकडून. तो अठराच्या आत आहे तोवर बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा मुलीइतकाच मुलग्याच्याही बाजूनं आहे. तो स्वतः अंघोळ करायला शिकला की त्याच्या अंगाला हात लावण्याचं कारणच कोणाकडे उरत नाही. संध्याकाळच्या अंघोळीचा आग्रह त्यासाठीही आहे.

सासूबाईंचं म्हणणं काळजीपोटी आहे, हे कळतं. पण गरिबाघरची मुलगी 'आणून' तिच्यावर पोराचं करणं टाकायचं, याला लग्न म्हणत नाहीत. बिनपगारी नोकरी म्हणतात, तीही फसवून दिलेली. अशी दोन लग्नं मी जवळून पाहिली. दोन्हीत मुलगी वर्षभरात माहेरी गेली आणि मुलगा महिनोन् महिने दाराकडे बघत बसला. पुढे कधी त्याला कोणी आवडलं, तिलाही तो आवडला आणि दोघांना आपण काय करतोय ते कळत असलं, तर तो विषय वेगळा, तेव्हा मला पुन्हा लिहा.

आणि 'धाकटी आहे ना' हे वाक्य घरात तिच्यासमोर पुन्हा उच्चारू नका. तेरा वर्षांची पोर ते ऐकते आणि कुठं शिकायला जायचं, कुणाशी लग्न करायचं, याचा हिशेब मनात तेव्हाच मांडायला लागते. तिला कोणी विचारलेलं नसतं. बहिणीनं भावाच्या आयुष्यात असावं, हक्कानं असावं, दिवाळीला त्याला घेऊन जावं, त्याच्या संस्थेत जाऊन भांडावं. पण त्याचं सगळं करणं हा तिचा वारसा नव्हे. ती पंचवीसची झाली की तिला कागदपत्रांसकट सगळं सांगा आणि विचारा, तुझी तयारी कितपत आहे? आज तिला एवढंच सांगा, की दादाचं आम्ही बघतोय.

शाळेनंतर काय, तर बहुतेक ठिकाणी अठरानंतरच्या मुलांसाठी कार्यशाळा असते. नाशिक तुम्हाला दोन तासांवर आहे. रजनीताई लिमयांनी १९७७ साली तिथे प्रबोधिनी सुरू केली, ती अशा मुलांची शाळा होती. मुलं मोठी झाली तशी संरक्षित कार्यशाळाही उभी करावी लागली. ती बघून या, इतर दोन-तीन बघा. जाताना एक करा, सकाळी जाऊ नका. सकाळी सगळीकडे प्रार्थना आणि उत्साह असतो. दुपारी तीनला जा. जेवणं झाल्यावर मुलं काहीतरी करतायत, की भिंतीला टेकून बसवलेली आहेत, ते बघा. संडासात डोकवा. कोणी नवं माणूस आलं की शिक्षक मुलांची ओळख नावानं करून देतात, की 'ही आमची मुलं' म्हणून हात फिरवतात, ते बघा. राख्या, उटण्याची पाकिटं, पणत्या रंगवणं हे सगळीकडे असेल. काही मुलांना ते मनापासून आवडतं. काहींना अजिबात आवडत नाही, आणि त्यांना नाही म्हणायची सोय हवी. आमच्याकडे एकजण प्रत्येक पणती काळीच रंगवायचा. त्याला आवारातल्या झाडांना पाणी घालायला दिलं आणि तो प्रश्न मिटला.

फोनवर मुंबईतल्या कॅफेंचे व्हिडिओ तुम्हाला येत असतील. जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये अशीच मोठी मुलं-मुली काम करतात, आणि ते छानच आहे. पण ते पाहून 'आमच्याकडे असलं काही नाही' म्हणून हातपाय गाळू नका. संगमनेरच्या आसपास डाळिंब-टोमॅटोच्या रोपवाटिका आहेत. पिशव्यांत माती भरणं, ट्रे लावणं ही कामं ठरलेल्या पद्धतीची, रोज तशीच असतात, आणि आपल्या मुलांचा तिथे हात बसतो. बेकरीत खोके दुमडायला, खाणावळीत लसूण सोलायला माणूस लागतंच. सुटीत रोज दोन तास, ओळखीच्या ठिकाणी, एखादा महिना करून बघा. पैसे थोडे का होईना, पण त्याच्या हातात मिळू द्या. फुकट राबवू देऊ नका, 'त्याचा वेळ जातो' म्हणणाऱ्या मालकाकडे तर मुळीच नाही. सरकारी नोकरीत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं चार टक्के आरक्षण आहे आणि बौद्धिक अक्षमता त्यात येते. पण त्या चारांतला एकच टक्का अशा अनेक प्रकारच्या अक्षमतांमध्ये वाटलेला आहे. अर्जावर लक्ष ठेवा, भरवसा ठेवू नका.

कागदांचं आता मिस्टरांना वाचायला सांगा. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्यानं तो सज्ञान. त्या दिवसापासून आई-बाप म्हणून तुमची सही आपोआप चालत नाही. बँकेत पहिल्यांदा अडतं तेव्हा बहुतेकांना हे कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी ती कायदेशीर पालक नेमते. तुम्हा दोघांना अर्ज करता येतो. पण सगळे करतात म्हणून करू नका. पालक कशासाठी हवा, हे समिती बघते, तसं तुम्हीही आधी बघा. बँक आणि मालमत्ता यांपुरता लागेल. कुठला शर्ट घालायचा, कुठं काम करायचं, यासाठी त्याला पालक कशाला? आणि पालक झालं की जबाबदारीही येते. सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब समितीकडे द्यावा लागतो. मला हा नियम आवडतो. काका-मामांच्या डोळ्यांसमोर तो असलेला बरा.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं असेलच. त्यावर मुदत आहे का बघा, लहानपणी दिलेली प्रमाणपत्रं पुष्कळदा ठरावीक मुदतीची असतात आणि नेमकी अर्ज करायच्या वेळी संपलेली सापडतात. आधारचे बोटांचे ठसे पंधराव्या वर्षी नव्यानं द्यावे लागतात, ते राहिलं असेल तर करून टाका. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतची आहे, जन्मापासूनचा आजार म्हणून त्यात नाकारत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिस्टर १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत लागले असतील तर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. त्यासाठी मुलाचं नाव आणि दिव्यांगत्वाची नोंद सेवेत असतानाच कार्यालयात करून घ्यावी. वडील गेल्यावर आईनं हे कागद गोळा करत फिरायचं म्हणजे काय, ते मी एका ओळखीच्या बाईंबरोबर रांगेत उभी राहून पाहिलंय. घर मात्र नुसतं त्याच्या नावावर करून मोकळे होऊ नका, त्याच्या सहीला पुढे कोण कसं वळवेल सांगता येत नाही. वकिलाकडे बसून मृत्युपत्र करा, जमलं तर त्याच्यासाठी न्यास करा. विश्वस्तांत घरातला एक आणि घराबाहेरचा एक असू द्या.

मतदार यादीत नावही घाला. कोर्टानं तसं जाहीर केल्याशिवाय बौद्धिक अक्षमतेमुळे मताचा हक्क जात नाही. आमच्या कार्यशाळेतली मुलं मतदानानंतर आठवडाभर ते शाईचं बोट धुवायला तयार नसायची.

एवढं सगळं एकदम सुरू करू नका. या महिन्यात टॉवेल आणि गिरणी, बस. पहिल्यांदा एकटा जाईल तेव्हा कदाचित पीठ जाडसर येईल, कदाचित गव्हाच्या डब्यात कोणाची तरी ज्वारी येईल. आली तर त्या आठवड्यात भाकरी करा. आणि तो निघाला की मागून गिरणीवाल्याला फोन करू नका.